ग्रँट, ली की स्कॉट? विक्सबर्ग १८६३ ची अख्खी केस

अमेरिकेचा आजवरचा सगळ्यात भारी जनरल कोण हा वाद निघाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कोणीतरी वॉशिंग्टन म्हणतं, लगेच दुसरा म्हणतो अहो तो जिंकला कमी हरला जास्त, मग पॅटन येतो कारण त्याच्यावरचा सिनेमा सगळ्यांनी बघितलेला असतो, मॅकआर्थरवरून थोडी बाचाबाची होते, एखादा अभ्यासू माणूस आयझेनहॉवर आणि मार्शलचं नाव काढतो ते कोणी ऐकत नाही, आणि शेवटी गाडी ग्रँट विरुद्ध ली वर येऊन अडकते ती अडकतेच. मधेच कोणीतरी विचारतं की ली तर अमेरिकेच्याच विरुद्ध लढला, मग तो यादीत कसा? प्रश्न बरोबर आहे पण मी त्याला बाहेर काढणार नाही, कारण खाली याच केसमधे त्याचं काम आहे.

लढाया मोजून मार्क द्यायची पद्धत मला पटत नाही. समोर ढिला शत्रू असला की कोणाचेही आकडे चांगले दिसतात. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्यावा आणि नीट सोलून बघावा, त्या माणसाकडे त्या दिवशी काय होतं, त्याला माहीत काय होतं, कुठले रस्ते उघडे होते, त्याने कुठला धरला, आणि त्याची किंमत कोणी मोजली. मी घेतलाय विक्सबर्ग, एप्रिल ते जुलै १८६३, म्हणजे अमेरिकेच्या सिव्हिल वॉरचा (१८६१-६५) मधला काळ: एका बाजूला लिंकनच्या सरकारची उत्तर, तिकडून ग्रँट, आणि दुसऱ्या बाजूला फुटून निघालेली दक्षिण, म्हणजे कॉन्फेडरेट, तिकडून ली. माझं मत आधीच सांगून टाकतो, ग्रँट पहिला. आणि दुसऱ्या नंबरवर ली नाही, विन्फील्ड स्कॉट. का ते बघू.

जागा आणि अडचण

मिसिसिपी नदी दक्षिणेच्या मधून वाहते. ती उत्तरेच्या पूर्ण ताब्यात आली की टेक्सास, आर्कान्सा आणि लुइझियानाचा बराचसा भाग बाकीच्या दक्षिणेपासून तुटतो, तिकडून येणारी गुरं, धान्य, माणसं बंद. १८६२ च्या उन्हाळ्यापर्यंत वरून मेम्फिस आणि खालून न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या हातात आलेलं. मधे राहिलं विक्सबर्ग, आणि त्याच्या खाली पोर्ट हडसन.

विक्सबर्ग नदीकाठच्या उंच कड्यावर बसलंय, पाण्यापासून दोनेकशे फूट वर. त्या काळी नदी गावासमोर केसातल्या पिनेसारखी वळायची, त्यामुळे वरून येणारी प्रत्येक बोट वेग कमी करून बरोबर तोफांच्या पुढ्यात यायची. गावाच्या वरच्या बाजूला याझू नदीची दलदल, समोर पश्चिम काठाला लुइझियानाची दलदल. कोरडी, चालण्यासारखी जमीन फक्त गावाच्या पूर्वेला. आणि ग्रँट होता पश्चिमेला. म्हणजे केसचं मूळ दुखणं एवढंच की शत्रूपर्यंत पोचायचं कसं, लढाई नंतरची गोष्ट.

माणूस

युलिसिस ग्रँट, वेस्ट पॉइंटच्या १८४३ च्या बॅचमधे ३९ पैकी २१ वा. १८५४ ला आर्मी सोडली, सेंट लुइसजवळ शेती करून बघितली, जळाऊ लाकडं विकली, काही जमलं नाही, १८६० ला बापाच्या चामड्याच्या दुकानात कारकून. सिव्हिल वॉर सुरू झालं तेव्हा हा ३८ वर्षांचा होता आणि कोणी त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवावी असं त्याच्या आयुष्यात दिसत नव्हतं. हे सगळे सांगतात, गोष्ट म्हणून छान वाटते. पण केससाठी कामाची माहिती वेगळी आहे: १८४६-४८ च्या मेक्सिको युद्धात तो आपल्या रेजिमेंटचा क्वार्टरमास्टर होता. खेचरं, गाड्या, पीठ, तंबू, बूट. लढाईत जायची हौस म्हणून तो तरीही पुढे घुसायचा, मेक्सिको सिटीच्या वेशीवर एका चर्चच्या घंटाघरात सुटी केलेली छोटी तोफ चढवून त्याने वरून मारा केला. पण रोजचं काम हेच, हजार माणसांना उद्या काय खायला घालायचं.

आणि त्या मोहिमेचा प्रमुख कोण, तर विन्फील्ड स्कॉट. १८४७ च्या ऑगस्टमधे स्कॉटने किनाऱ्याशी असलेली रसदीची वाट सोडून दिली आणि दहा-अकरा हजार माणसं घेऊन शत्रूच्या राजधानीकडे निघाला, वाटेत मिळेल त्यावर जगत. पंचविशीतल्या लेफ्टनंट ग्रँटने हे जवळून बघितलं. हे लक्षात ठेवा.

फुकट गेलेला हिवाळा

डिसेंबर १८६२ ला पहिला प्रयत्न झाला. ग्रँट रेल्वेच्या कडेने खाली यायला निघाला आणि दक्षिणेच्या व्हॅन डॉर्नच्या घोडदळाने होली स्प्रिंग्जचं त्याचं अख्खं कोठार जाळलं. त्याच सुमाराला ग्रँटच्या हाताखालचा जनरल शर्मन नदीने खाली आला आणि चिकासॉ बायूला कड्यावर डोकं आपटून परतला, उत्तरेचे पावणेदोन हजारावर माणसं गेली-जखमी झाली, समोरच्यांची दोनशेच्या आसपास. होली स्प्रिंग्जनंतर ग्रँटने नाइलाजाने आसपासच्या शेतांतून धान्य आणि गुरं उचलायला लावली आणि त्याला दिसलं की या मुलखात खायला भरपूर आहे, त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त.

मग जानेवारी ते मार्च नुसते उद्योग. वळणाला फाटा देणारा कालवा खणून बघितला, लेक प्रॉव्हिडन्स, याझू पास, स्टील्स बायू, सगळीकडून आडवाटेने बोटी घालायचा प्रयत्न, झाडं तोडा, गाळ काढा, एकही लागला नाही. सैनिक आणि मुक्त झालेले काळे मजूर चिखलात खणत होते, मलेरिया, देवी, आणि पुरात पुरायला कोरडी जागा फक्त बांधावर म्हणून माणसं तिथेच पुरली. उत्तरेतले पेपर ग्रँटला काढा म्हणून ओरडत होते, दारूच्या गोष्टी परत निघाल्या, आणि युद्धमंत्री स्टॅन्टनने चार्ल्स डेना नावाचा माणूस पाठवला, पगारवाटप तपासायला असं निमित्त, खरं काम ग्रँटवर नजर ठेवणं. ग्रँटने काय केलं तर त्याला सगळं मोकळेपणाने दाखवलं. डेनाचे रिपोर्ट मग ग्रँटच्या बाजूनेच जायला लागले. (हा भाग लोक सोडून देतात, मला वाटतं जनरलच्या कामात हेही येतं. उत्तरेचा आधीचा सेनापती मॅक्लेलन, त्याला हे कधी जमलं नाही.)

पर्याय

एप्रिलच्या सुरुवातीला तीन रस्ते होते. एक, समोरून नदी ओलांडून कड्यावर हल्ला, म्हणजे आत्महत्या. दोन, सगळं गुंडाळून मेम्फिसला परत जा आणि रेल्वेने पद्धतशीर खाली या. तीन, पश्चिम काठाने चालत गावाच्या खाली जा, तिथे नदी ओलांडा, आणि मागून या.

शर्मन, जो ग्रँटचा सगळ्यात जवळचा माणूस, त्याने ८ एप्रिलला रीतसर पत्र लिहून दुसरा रस्ता सुचवला. पुस्तकी हिशोबाने तोच बरोबर होता. पण १८६२ च्या निवडणुकीत लिंकनच्या पक्षाला मार बसलेला, सैन्यभरती आटलेली, आणि अशात मेम्फिसला परत जाणं म्हणजे घरी बसलेल्या लोकांना एकच दिसलं असतं, माघार. ग्रँटने पत्र वाचलं, ठेवून दिलं, त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि शर्मननेही नंतर पूर्ण जीव लावून तेच काम केलं जे त्याला पटलं नव्हतं. दोघांचंही कौतुक आहे इथे.

तिसऱ्या रस्त्यात एक ग्यानबाची मेख होती. खाली उतरून नदी ओलांडायला बोटी लागणार, आणि बोटी सगळ्या वर. त्या तोफांच्या समोरून खाली न्यायच्या. आरमाराचा पोर्टर ग्रँटच्या हाताखाली नव्हता, ग्रँट त्याला हुकूम देऊ शकत नव्हता, फक्त विचारू शकत होता. पोर्टर तयार झाला पण त्याने स्पष्ट सांगितलं की या चिलखती बोटी जड आहेत, एकदा खाली गेल्या की प्रवाहाविरुद्ध तोफांखालून परत वर येणं विसरा. म्हणजे "बघू या, नाही जमलं तर परत येऊ" ही सोय गेली.

१६ एप्रिलची रात्र. सात चिलखती गनबोटी, तीन मालवाहू स्टीमर आणि आणखी काही. बॉयलरभोवती कापसाच्या आणि गवताच्या गाठी रचलेल्या, दिवे बंद. दक्षिणेच्या पहारेकऱ्यांनी समोरच्या काठावरची घरं आणि डांबराची पिंपं पेटवून नदीवर उजेड पाडला आणि मग दोनेक तास तोफा. गावात त्या रात्री नाचाची पार्टी चालू होती. ग्रँट बायकोपोरांसकट वरून एका बोटीतून बघत होता. एकच स्टीमर जळाला, बाकी सगळं पार. २२ एप्रिलला आणखी सहा स्टीमर सोडले, त्यातला एक बुडाला. यावेळी बोटींवरच्या बहुतेक सिव्हिलियन खलाशांनी यायला नकार दिला तेव्हा सैनिकांतून माणसं मागितली, आणि लागत होती त्यापेक्षा जास्त हात वर झाले.

सतरा दिवस

त्याच वेळी शत्रूचं लक्ष दुसरीकडे लावायची दोन कामं. ग्रीअर्सन, जो मूळचा संगीत शिक्षक आणि लहानपणी घोड्याची लाथ बसल्यापासून घोड्यांवर खार खाऊन असलेला, तो १,७०० घोडेस्वार घेऊन टेनेसीतून निघाला आणि सोळा दिवसांत रेल्वे उखडत, तारा तोडत अख्खं मिसिसिपी राज्य चिरून खाली बॅटन रूजला निघाला. शर्मनने वरच्या बाजूला खोटा हल्ला लावून धरला. बिचारा पेम्बर्टन, विक्सबर्गचा कमांडर, एकदा इकडे बघे एकदा तिकडे. पेम्बर्टनचं आणखी एक म्हणजे तो मूळचा फिलाडेल्फियाचा, बायको व्हर्जिनियाची म्हणून दक्षिणेकडून लढायला आलेला, त्यामुळे स्वतःच्याच लोकांचा त्याच्यावर पूर्ण भरवसा कधी बसला नाही.

२९ एप्रिलला ग्रँड गल्फला उतरायचं ठरलं होतं, पोर्टरने पाच तास तोफा डागल्या तरी समोरच्या गप्प होईनात. ग्रँटने हट्ट केला नाही, आणखी खाली सरकला. त्या रात्री एका काळ्या माणसाने सांगितलं की ब्रुइन्सबर्गला उतरा, तिथून पोर्ट गिब्सनपर्यंत चांगला रस्ता आहे. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. ३० एप्रिलला वीस-बावीस हजार माणसं त्याच जागी उतरली, समोर एकही शत्रू नाही. ग्रँटने पुढे आठवणींत लिहिलंय की इतकं हायसं त्याला क्वचितच कधी वाटलं, विक्सबर्ग अजून पडलं नव्हतं पण तो शेवटी कोरड्या जमिनीवर, शत्रूच्याच काठावर होता.

१ मे ला पोर्ट गिब्सन जिंकलं. आता वॉशिंग्टनमधल्या सरकारची अपेक्षा अशी की त्याने खाली जाऊन लुइझियानातल्या उत्तरेच्या जनरल बँक्सला भेटावं, दोघांनी मिळून आधी पोर्ट हडसन घ्यावं. पण बँक्स रेड रिव्हरकडे गेलेला, यायला वेळ होता. थांबलं तर शत्रू गोळा होणार. ग्रँटने वॉशिंग्टनमधे बसलेल्या सरसेनापती हॅलेकला कळवलं आणि निघाला, कारण उत्तर येईपर्यंत बरेच दिवस जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

इथे एक दंतकथा आहे ती साफ करायला पाहिजे. ग्रँटने रसद पूर्ण तोडली आणि हवेवर जगला असं सांगतात. तसं झालं नाही. मांस, मका, चारा मुलखातून, हे खरं. पण दारूगोळा, कडक बिस्किटं, कॉफी, मीठ हे ग्रँड गल्फवरून गाड्यांच्या मोठ्या काफिल्यांनी येत राहिलं. तोडली ती पहारा ठेवलेली कायमची वाट, ज्यामुळे अर्धं सैन्य रस्ता राखण्यात अडकलं असतं. आणि गाड्या कमी होत्या तर मळ्यामळ्यांतून मिळेल ते वाहन उचललं, मळेवाल्यांच्या मखमली बैठकीच्या बग्ग्या काडतुसांच्या पेट्यांनी गच्च भरलेल्या आणि त्यांना जुंपलेले बैल, दोरखंडाचे आणि वाखाचे सरंजाम. हे डोकं क्वार्टरमास्टरचं आहे. आपल्याकडच्या वाचकाला इथे बाजीरावाचं पालखेड आठवणार, आठवू दे, पण तिथे सगळं घोड्यावर होतं आणि इथे चाळीसेक हजार माणसं बहुतेक पायी.

आणि तो सरळ विक्सबर्गवर गेलाच नाही. उत्तर-पूर्वेला वळला, रेल्वेकडे. १२ मे रेमंड, १४ मे जॅक्सन, म्हणजे राज्याची राजधानी, जिथे दक्षिणेचा जनरल जोसेफ जॉन्स्टन नुकता येऊन फौज जमवत होता. आधी हा हात तोडला. जॅक्सनला ग्रँट आणि शर्मन एका कापड गिरणीत शिरले, बायका मागावर काम करतच होत्या, तंबूचं कापड निघत होतं त्यात कॉन्फेडरेटची अक्षरं विणलेली. थोडा वेळ बघत उभे राहिले, मग सांगितलं आता पुरे, जेवढं कापड उचलता येईल तेवढं घेऊन जा, आणि गिरणी जाळली.

जॉन्स्टनने पेम्बर्टनला बाहेर येऊन मिळ असा निरोप तीन माणसांबरोबर पाठवला, त्यातला एक उत्तरेचा हेर होता, निरोप ग्रँटच्या हातात. तिकडे दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष डेव्हिस, त्याचा पेम्बर्टनला हुकूम, गाव सोडू नकोस. दोन साहेब, दोन उलटे हुकूम, आणि पेम्बर्टनने तिसरंच केलं, ग्रँटची रसद तोडायला दक्षिणेला निघाला, जी वाट नीटशी नव्हतीच. १६ मे ला चॅम्पियन हिलला गाठ पडली. ही खरी निर्णायक लढाई, उत्तरेचे ३२ हजार, दक्षिणेचे २२-२३ हजार. टेकडी तीनदा हातची गेली-आली. पेम्बर्टन हरला, त्याची एक डिव्हिजन लोरिंगची, ती बाकीच्या सैन्यापासून तुटून निघूनच गेली, गावात परत आलीच नाही.

१७ मे ला बिग ब्लॅक नदीच्या पुलावर पाचवी लढाई. इथे ग्रँटच्याच आठवणींतला किस्सा, बँक्सच्या स्टाफचा एक अधिकारी हॅलेकचं ११ मे चं पत्र घेऊन पोचला, मागे फिरून बँक्सला मिळा असं. ग्रँट म्हणाला आता उशीर झाला, तो अधिकारी हुज्जत घालत होता तेवढ्यात उजवीकडून आरडाओरडा झाला, ग्रँटच्याच सैन्यातली लॉलरची ब्रिगेड धावत सुटलेली, लॉलर नुसत्या शर्टावर. ग्रँट घोड्यावर बसला आणि गेला, तो अधिकारी परत कधी भेटला नाही. रंगवून सांगितलंय का? थोडं असेल. याच लढाईत ग्रँटच्या १२ वर्षांच्या मुलाला, फ्रेडला, मांडीला गोळी चाटून गेली. बारा वर्षांचा मुलगा आघाडीवर काय करत होता हे मला अजून कळलेलं नाही.

सतरा दिवसांत पाच लढाया, ग्रँटचे सुमारे ४,३०० मेले-जखमी-बेपत्ता, समोरचे सुमारे ७,२००. १८ मे ला गावाच्या वरच्या कड्यावर शर्मन ग्रँटला म्हणाला की आत्तापर्यंत मला यश दिसत नव्हतं, पण ही मोहीम आहे, गाव पडो ना पडो.

डाग

इथपर्यंतच वाचून थांबणारे लोक ग्रँटला देव करतात. पुढचंही वाचा. १९ मे ला घाईत हल्ला, फसला. २२ मे ला पुन्हा, सगळ्या आघाडीवर, जवळजवळ ३,२०० माणसं मेली-जखमी-बेपत्ता झाली आणि मिळालं काही नाही. त्यात मॅक्क्लर्नंड नावाच्या राजकारणी जनरलने मी किल्ले घेतलेत अशी थाप मारली आणि त्याच्यावर विसंबून दुसरा रेटा दिला, तो जास्त महागात पडला. जखमी दोन्ही रांगांच्या मधे उन्हात तीन दिवस पडून होते, शेवटी २५ तारखेला तात्पुरता युद्धविराम मागितला तो पेम्बर्टनने. ग्रँटने मागायला पाहिजे होता. पुढे मरताना लिहिलेल्या आठवणींत त्याने कोल्ड हार्बरच्या (व्हर्जिनिया, १८६४) शेवटच्या हल्ल्याबरोबर या २२ मे चाही पश्चात्ताप नोंदवलाय.

मग वेढा, ४७ दिवस. लोक डोंगरात गुहा खणून राहिले, खेचराचं मांस खाल्लं. गावचा पेपर कागद संपल्यावर भिंतीला लावायच्या वॉलपेपरच्या मागच्या बाजूला छापत होते. २ जुलैच्या अंकात टोमणा मारला, ग्रँट म्हणे ४ जुलैला विक्सबर्गात जेवणार, पण ससा शिजवायचा तर आधी ससा पकडावा लागतो. ४ जुलैला गावात शिरलेल्या उत्तरेच्या सैनिकांनी छापखान्यात तेच खिळे जुळवलेले बघितले आणि खाली दोन ओळी जोडून अंक काढला, ग्रँटने ससा पकडलाय.

साडेएकोणतीस हजार माणसं, १७२ तोफा. सगळ्यांना कैदेत न नेता शपथेवर सोडून दिलं, कारण एवढ्यांना उत्तरेत न्यायचं तर सगळ्या बोटी त्यातच गुंतल्या असत्या. यावर टीका झाली आणि ती अगदीच पोकळ नाही, यातले काही नोव्हेंबरात चॅटनुगाला पुन्हा ग्रँटच्याच समोर उभे होते. तरी बरेचसे सरळ घरी गेले. ९ जुलैला पोर्ट हडसन पडलं आणि नदी मोकळी झाली. लिंकनने १३ जुलैला ग्रँटला पत्र लिहिलं की तुम्ही बँक्सकडे न जाता वर वळलात तेव्हा मला ती चूक वाटली, तुम्ही बरोबर होता, मी चुकलो.

मग ली?

आता हीच केस लीच्या टेबलावर ठेवा, कारण ती खरोखर तिथे होती. मे १८६३ मधे रिचमंडला चर्चा झाली की लीच्या सैन्यातून पिकेटची डिव्हिजन विक्सबर्गकडे पाठवावी का. लीने विरोध केला. त्याचं म्हणणं, तिकडे जूनच्या उष्म्याने शत्रू आपोआप हटेल, आणि मला पेनसिल्व्हेनियात जाऊ द्या. गेला. ३ जुलैच्या दुपारी तीनच्या सुमाराला गेटिसबर्गला पिकेटची माणसं मोकळ्या शेतातून चालत मरत होती, आणि त्याच दुपारी इकडे एका ओकच्या झाडाखाली पेम्बर्टन आणि ग्रँट शरणागतीचं बोलत होते. लीच्या बाजूने हे म्हणायला पाहिजे की तो तेव्हा सगळ्या सैन्यांचा प्रमुख नव्हता, ते पद त्याला १८६५ च्या फेब्रुवारीत मिळालं, डिव्हिजन पाठवली असती तरी ती वेळेत पोचली असती याची खात्री नव्हती, आणि चान्सलर्सविलसारखी लढाई, जी लीने निम्म्याच माणसांनिशी जिंकली, ग्रँटने कधी लढली नाही. एका मैदानावर, एका दिवसात, मी लीलाच वर ठेवीन. पण त्याला सल्ला विचारला गेला तेव्हा त्याला व्हर्जिनिया दिसली, ग्रँटला एप्रिलमधे नदी, पेपर, निवडणूक आणि बैलगाड्या एकदम दिसत होत्या.

"ग्रँट कसाई, त्याच्याकडे माणसं जास्त होती" या आक्षेपाला मे १८६३ हे उत्तर आहे. त्या भागातली दक्षिणेची माणसं एकत्र आली असती तर ग्रँटच्या तोडीची होती, त्याने ती एकत्र येऊच दिली नाहीत. १८६४ चं व्हर्जिनिया वेगळं, तिथे रक्त फार सांडलं, तो वाद मी इथे मिटवायला जात नाही.

मुंबईकरांसाठी एक आडवी गोष्ट. अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंद आणि बॅक बेच्या शेअर्सचा सगळा तमाशा त्यातूनच, आणि १८६५ ला लीने ग्रँटपुढे हत्यार ठेवल्यावर मुंबईचा बाजार कोसळला. तोच ग्रँट दोन टर्म राष्ट्राध्यक्ष राहून १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला, मलबार पॉइंटला गव्हर्नर टेंपलचा पाहुणा म्हणून.

राहिला स्कॉट. १८६१ ला, सत्तरी ओलांडलेला, संधिवाताने घोड्यावर बसता येत नाही अशा अवस्थेत त्यानेच सांगितलं होतं की किनारे बंद करा आणि मिसिसिपी वरून खालपर्यंत घ्या, वेळ लागेल. पेपरवाल्यांनी अजगराची चित्रं काढून थट्टा केली. ग्रँटने विक्सबर्गला जे केलं त्याचा नकाशा स्कॉटचा आणि रसद सोडून चालायची हिंमतही १८४७ ला स्कॉटकडेच बघितलेली. फरक इतकाच पडतो की स्कॉटने शत्रूची राजधानी घेतली आणि ग्रँटने शत्रूचं अख्खं सैन्य, तेही एकदा नाही, फोर्ट डोनल्सन (१८६२), विक्सबर्ग, ॲपोमॅटॉक्स (१८६५, जिथे ली शरण आला) अशा तीन वेळा. तेवढ्यावर मी ग्रँटला पुढे ठेवतो. कोणी स्कॉटला ठेवला तर मी भांडणार नाही, पॅटनला ठेवला तर मात्र भांडेन.